चुंबकाची उतरण

मोठ्यांना वीस रुपये, मुलांना दहा. शाळेचं ओळखपत्र असेल तर मुलं फुकट.

•

मी सातवीत, धाकटा भाऊ भूषण चौथीत. शेतातून येताना माझी चप्पल तुटली. त्याने स्वतःची मला दिली आणि तापल्या फुफाट्यातून उड्या मारत घरी आला. चप्पल मला लहान होत होती. तरी मी घातली.

•

हक्कसोडपत्र चार पानांचं. प्रत्येक पानावर अंगठा. शाई दोन दिवस जात नाही, कणकेत उतरते.

•

चांदी चुंबकाला चिकटत नाही.

•

माहेरचं दार उघडं राहायला हवं असेल, तर जमीन मागायची नसते. हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे मुलींना ते सांगावं लागत नाही.

•

आता नीट सांगते.

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मी माझ्या अनुजला घेऊन जळगावला परतणार होते, म्हणून भूषणच म्हणाला, पोरांना कुठेतरी नेऊ. त्याच्या मनात सोनगीरचा किल्ला होता. त्याची रिद्धी म्हणाली, किल्ला तर आपल्या गच्चीवरून दिसतो. तिच्याकडे शाळेत वाटलेला कागद होता: धुळ्यात पैशांचं संग्रहालय, दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबासाठी उपक्रम, घरातलं एखादं नाणं सोबत आणा.

एखादं कशाला, मी म्हटलं. माझ्याकडे दहा आहेत.

भूषण दरवर्षी ओवाळणीत चांदीचं नाणं टाकतो. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर मी बॉलपेनने साल लिहिते आणि भाऊबीजेला सगळी माहेरी नेते. ताटात मागची मांडून ठेवायची, मग नवं त्यांच्यात पडायचं, ही माझी पद्धत. शेजारच्या बायका बघायच्या. त्यांनी बघावं, असं मलाही वाटायचं. वडिलांच्या जमिनीतले माझे दोन एकर मी सोडून दिले, तेव्हा जळगावच्या माझ्या जावेने विचारलं होतं, बदल्यात काय मिळालं? मी तिला ही पाकिटं दाखवली होती.

यंदा चांदी इतकी चढली की मी आधीच फोन करून सांगितलं, नुसती सुपारी टाक. तो म्हणाला, "अक्का, तुले चांदीच देसू."

•

संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं एक गोदाम. काचेच्या पेट्यांत कवड्या, दमड्या, छिद्राचे पैसे, रद्द झालेल्या नोटा. सगळं जमवलं निर्मलकुमार शेठांनी. तीन पिढ्या सराफी केली, आता दुकान मुलाकडे. स्वतः ते सुट्टीत मुलांना घेऊन बसतात. मुलांना एकेक कार्ड मिळालं, सहा चौकोनांचं. उपक्रम झाला की चौकोनात शिक्का.

पहिला चौकोन: कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासा. दुसरा: डोळे मिटून आवाज ओळखा. तिसऱ्या टेबलावर चुंबकाची पट्टी होती, घसरगुंडीसारखी तिरकी लावलेली.

ती बघून भूषण म्हणाला, पोरांना भूक लागली असेल, कचोरी खाऊन येऊ.

पोरांना भूक नव्हती.

शेठ म्हणाले, चांदीला चुंबक धरत नाही, पण सोडतही नाही पटकन. बघा. अनुजने २०१६चं पाकीट फोडलं. नाणं पट्टीवरून सावकाश उतरलं, पाण्यात बुडाल्यासारखं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. १७, १८, १९. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. २०, २१.

२०२२ चिकटलं.

अनुजने बोटाने ढकललं, तर ते तसंच तिरकं उभं राहिलं. एक मुलगा हसला. मग २३. मग २४. मग तीन दिवसांपूर्वीचं, ज्यावर अजून कुंकू होतं.

शेठांनी चारही नखाने सोडवली. एकच त्यांनी तळहातावर जरा उडवून पाहिलं, मग माझ्याकडे न बघता अनुजला म्हणाले, "पट्टी जुनी आहे बेटा, कधी कधी असं करते. चल, शिक्का घे."

व्हिडिओ चालूच होता.

भूषण पुढे आला. आवाज खाली, जणू आम्ही देवळात आहोत.

"सराफनी फसाडं माले, अक्का."

माझा जीव भांड्यात पडला. मी खरंच सांगते, मला त्या सराफाचा रागसुद्धा आला. चार वर्षं माझ्या साध्या भावाला फसवलं. कोणतं दुकान ते सांग, म्हटलं, आत्ता जाऊ, इथूनच जाऊ.

तेवढ्यात रिद्धीने गळ्यातल्या छोट्या पर्समधून तिचं नाणं काढलं. धनतेरसला पप्पांनी घेतलेलं. त्याच दुकानातलं. पट्टीवर ठेवलं. ते उतरलं, सावकाश, तळापर्यंत.

मी म्हटलं, बघ, एकाच दुकानातलं, तरी.

रिद्धीला वाटलं मी तिला विचारते आहे.

"आत्याचं त्या दुसऱ्या डब्यातलं असतं ना," ती म्हणाली. "दरवर्षी. पप्पा मागतात."

भूषण जमिनीकडे बघत होता. त्याच्या पायात नवे बूट होते.

•

मी शेठांना विचारलं, असं एक केवढ्याला पडतं? त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पुन्हा विचारलं.

"पंधरा," ते म्हणाले. "डझनाने घेतलं तर बारा."

•

सहावा चौकोन: स्वतःचं नाणं पाडा. कुटुंबातले दोघे हवेत, एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने हातोडा मारायचा. मुलांना हातोडा देत नाहीत. अनुजने कार्ड पुढे केलं, एकच शिक्का राहिलाय मम्मी.

भूषणने साचा धरला. दोन्ही हातांनी. मध्ये कथलाची चकती. त्याच्या अंगठ्याजवळ लहानपणी विळा लागल्याची खूण आहे. पट्टी मीच बांधली होती. हातोडा वाटला होता त्यापेक्षा जड निघाला.

"अक्का," तो म्हणाला, "तू काय इतलं मनवर लेस? चांदी काय, गिलट काय. मी तुले बलावस ना दरसाल."

हे त्याला खरंच पटलेलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं.

मी हातोडा उचलला. त्याने डोळे मिटून घेतले, पण हात काढला नाही.

घाव बरोबर साच्यावर बसला. चकतीवर हत्ती उमटला. शेठ म्हणाले, ताई, पहिल्या घावात असं कुणाचं निघत नाही. मी ती गरम चकती उचलून भूषणच्या शर्टाच्या खिशात टाकली, वर ती चार नाणी पाकिटांसकट टाकली, आणि त्याच्या खिशाची गुंडी लावून दिली.

रिद्धीने विचारलं, आत्या, पुढच्या दिवाळीला परत येऊ ना इथे? मी म्हटलं, तू ये. मग अनुजचं कार्ड घेतलं, सहा शिक्के मोजले, आणि त्याचा हात धरून रिक्षा केली. स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती. बॅग माहेरी राहिली ती राहिली.

•

२०२२च्या जूनमध्ये हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे झाल्यावर कचेरीबाहेर आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला. भूषणकडे सुटे नव्हते म्हणून तीस रुपये मी दिले.