कापणीचा रविवार

रुखमाने न्हाणीच्या दाराला कान लावला. आत पाण्याचा आवाज थांबला होता, पण सून गुणगुणतच होती.

कडी वाजली तशी ती बाजूला झाली. रिता बाहेर आली. अंगावर पिवळी साडी.

"आज नवीन साडी कायले?"

"प्रार्थनाघरात कापणीचा सण आहे, आई. आपल्या धानाची पेंढी न्यायची आहे. तुमी बी चला ना."

धानाची रोपं लावून रोवणी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून तिचा मुलगा मनिष गेला. त्याने लावलेलं धान आता कापून झालं होतं. तो गेल्यापासून रुखमाने तोंडात गोड घातलं नव्हतं, कोणाच्या लग्नाला पाऊल टाकलं नव्हतं. आणि ही ख्रिस्ती घरातली पोर, मनिषने स्वतः पसंत करून आणलेली, दर रविवारी साकोलीला प्रार्थनेला जायची आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत यायची. कोणाला भेटून येते? रुखमाने हे बोलून दाखवलं नव्हतं, पण मनातली गाठ घट्ट होत चालली होती.

"चाल, येईन मी," ती म्हणाली.

रिताने चमकून पाहिलं. ते चमकणंही रुखमाला खटकलं.

प्रार्थनाघर म्हणजे टिनाच्या छताची एक लांब खोली. समोरच्या टेबलाजवळ भोपळे, वांगी, तांदळाच्या पिशव्या. दारातच एक उंच तरुण हसत पुढे आला आणि त्याने रिताच्या हातातली पेंढी घेतली.

"आणलं ना? मी वाटच पाहून राहिलो होतो."

रिताही हसली. हाच तो, रुखमाने मनाशी ठरवून टाकलं.

तो जाऊन ढोलकीवर बसला. त्याचं नाव जीवन, एवढं तिने शेजारच्या बाईकडून काढून घेतलं. सगळ्यांनी डोळे मिटले, रुखमाने नाही. ती एकदा त्याच्याकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिली. दोघांची नजरानजर काही झाली नाही. मुद्दामच टाळत असतील.

मग प्रार्थना सांगणाऱ्या पाळकांनी रिताला पुढे बोलावलं.

"हे धान मनिषनं लावलं," पेंढीजवळ उभी राहून ती म्हणाली. "देवानं भरून दिलं, त्याचे आभार. अन् मनिष..."

ती हमसून रडू लागली. हळू ठेका धरलेला जीवनचा हात थांबला. रिताने मानेनेच त्याला वाजव म्हणून खुणावलं, आणि गालांवर धारा लागलेल्या असतानाच गायला सुरुवात केली. आवाज फाटत होता, तरी ती सोडत नव्हती. रुखमाला कुठे पाहावं कळेना.

परतीच्या बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या.

"तो ढोलकीवाला कोण होय?" रुखमाने शेवटी विचारलंच.

"जीवनभाऊ? पाळकसाहेबांचा लेक. मनिषले ढोलकी शिकवाले बसला होता. दोन रविवारात हात टेकले त्यानं."

"मनिष येत होता तिथं?"

"मले सोडाले यायचा अन् मंग मागं बसायचा. गायचा बी."

"मनिष? गायचा?"

"इतका बेसूर, आई, का सारे थांबून जात. अन् हा एकटाच डोळे मिटून गाऊन राहिला."

रुखमाच्या डोळ्यांपुढे तो तसाच उभा राहिला, मान वाकडी करून, गळ्याच्या शिरा ताणून. तिच्या पोटातून हसू उसळलं. ते आवरायला गेली तर डोळे वाहू लागले, आणि तरी हसू थांबेना. रिताने तिचा हात धरला.

पलीकडच्या बाकावरच्या बाईने वळून विचारलं, "काय झालं वो?"

"माहा पोरगा गेला," रुखमा म्हणाली. "रोवणीच्या टायमाले." आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

बाईने एकदा तिच्याकडे, एकदा रिताकडे निरखून पाहिलं. मग पिशवी जवळ ओढून ती खिडकीकडे सरकून बसली.

रुखमाने तोंडावर पदर घेतला नाही.