अडलेली साखळी

मलकापूरच्या महाविद्यालयात संगणक एकच आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे: कार्यालय आणि जीवशास्त्र शिकवणारी चारुलता. दुपारी प्राचार्य महादेवराव पाहुण्यांसमक्ष निवाडा करणार होते. चारुलताचा प्रोग्रॅम चालला तर संगणक प्रयोगशाळेत राहणार, नाहीतर पगारपत्रकांसाठी कार्यालयात जाणार.

लोणारच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूच्या एका जनुकाचा अर्धामुर्धा तुकडा पुण्याहून कागदावर आला होता. ए, टी, जी, सी, या चारच अक्षरांच्या ओळी. प्रोग्रॅम ती तीन-तीन करून वाची आणि त्यांवरून प्रथिनाची साखळी कशी असेल ते सांगे. साखळीच्या टोकाचे पाच दुवे पुणेकरांनी प्रत्यक्ष प्रथिनातून ओळखून ठेवले होते. तेच पडद्यावर उमटले, तर प्रोग्रॅम खरा.

पण साखळी मध्येच तुटे आणि 'समाप्त' उमटे. चारुलताने सकाळपासून प्रोग्रॅमची ओळ न् ओळ पिंजून काढली, दोष सापडेना.

"काऊन थांबते हो हे?" प्रयोगशाळा सहायक दयाराम हळहळले. अक्षरे त्यांनीच वाचून दाखवली होती, टंकली तिने. "नजर लागली असंन."

"यंत्राला कसली नजर, दयारामभाऊ?"

"वा! आमच्या पंपाले लागली होती की."

तेवढ्यात महादेवराव दारात आले. "दयाराम, खुर्च्या मांडल्या का?"

"जी."

चारुलताचे बोट नकळत कळीवर पडले. पडद्यावर एक 'जी' उमटला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "इथून नवी ओळ ना?" असे तिने सकाळी विचारले होते. "जी," दयाराम अदबीने म्हणाले होते, आणि पुढे, "टी, ए, सी..." ते एक अक्षर आगंतुकासारखे मध्ये शिरले आणि पुढचे प्रत्येक त्रिकूट एका घराने सरकले; त्या सरकण्यातच कुठेतरी साखळी संपल्याची खूण असलेले त्रिकूट जुळून येई.

"सर, टंकताना चूक झाली माझी. एकदा भरलेलं यात खोडता येत नाही, सगळी अक्षरं पुन्हा भरावी लागतील."

"आता? पाहुण्यांची गाडी स्टेशनावरून निघाली!" महादेवराव चडफडत तिथेच बसले.

"भाऊ, अक्षरांखेरीज एक शब्दही नको," ती कुजबुजली.

दयाराम वाचू लागले. ओळी सरकत होत्या.

"किती राह्यलं, दयाराम?"

"टी. ए. सी.," दयाराम पुढे वाचत राहिले.

"तुले विचारून राह्यलो मी! बहिरा झाला काय बे?"

दयारामांच्या कानशिलांवर घाम आला. साहेबाला उत्तर न देण्याचे पाप त्यांच्याकडून उभ्या नोकरीत घडले नव्हते. कागदावरचे बोट मात्र त्यांनी ओळीवरून ढळू दिले नाही. "सी. ए. ए. टी."

बाहेर गाडीचे दार आपटले. चारुलताने शेवटची कळ दाबली. साखळी निघाली, तुटण्याची जागा ओलांडून गेली, आणि टोकाला ते पाच दुवे, त्याच क्रमाने.

महादेवरावांनी कागद पडद्याशेजारी धरला, दोनदा ताडून पाहिला. "कार्यालयाले सांगा, पगारपत्रकं हातानंच करा." मग ते वळले. "पण हा काऊन बोलेना?"

"त्यांनी तुम्हाला उत्तर दिलं असतं सर, तर ही साखळी पुन्हा तुटली असती," चारुलता म्हणाली आणि एका दमात सगळे सांगून टाकले.

दयाराम खाली मान घालून उभे होते.

"मग पाहुण्यांपुढंही असाच मुका राह्य," महादेवराव हसू दाबत म्हणाले आणि सामोरे जायला बाहेर पडले.