चिखलाची वरची बाजू

“मॅडम, हा चिखल उलटा ठेवला तर कुणाला कळेल का?”

प्रश्न भिंगरीचा होता आणि मॅडम म्हणजे तिची सख्खी आई, कारण वर्गाची सहल आज आईच्याच कंपनीत आली होती. येताना शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवर चष्मी आणि जिराफ या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. सगळ्या वर्गासमोर स्वतःच्या आईला मॅडम म्हणायचं आणि तिची बोलती बंद होईल असा प्रश्न विचारायचा. हिंमत असेल तर. मागच्या वर्षीपर्यंत हीच भिंगरी हजेरीला इतकं हळू ‘हजर’ म्हणायची की बाई तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. यंदा मात्र तिने वादविवाद स्पर्धेत शेजारच्या शाळेच्या मुलांना पाणी पाजलं होतं आणि तेव्हापासून तिच्या जिभेला चाकं फुटली होती. हिंमत असेल तर म्हणे!

वर्ग खुदखुदला. आई हसली, पण नुसत्या दातांनी.

“इथे उलटं काही ठेवलं जात नाही,” ती म्हणाली. “लाल टोपण म्हणजे वर, निळं म्हणजे खाली. एवढं बालवाडीतल्या पोरालाही समजतं.”

कंपनी आईची, आणि छोटीशीच. एक कचेरी, एक कापायची खोली आणि मागे भलंमोठं शीतघर. सरकारी अनुदानावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ तळ्यांच्या तळात लांब नळ्या खुपसतात. त्या नळ्यांत चिखलाचे थर जसेच्या तसे भरून येतात, वरचा अगदी अलीकडचा आणि खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. अशा नळ्या थंडीत आडव्या निजवून सांभाळायच्या आणि शास्त्रज्ञ मागतील तशा त्यांच्या चकत्या कापून डब्यांतून पाठवायच्या, हा सगळा धंदा. आईच्या वडिलांनी तो सुरू केला. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीत आई बसली आणि आवक-जावक बाबा बघू लागले. पाहुण्यांना भिंगरी सांगायची, आमचा चिखलाचा धंदा आहे. आईच्या नाकाला हमखास मिरच्या झोंबायच्या.

आईचं उत्तर तिथेच संपलं असतं. पण शीतघराचा राखणदार पुढे झाला. बारा महिने जाडजूड काळं जाकीट घालून डुलत डुलत चालणारा हा माणूस आजोबांच्या वेळेपासूनचा. भिंगरीने लहानपणी त्याचं नाव पेंग्विन ठेवलं, ते साऱ्या कचेरीने उचललं आणि त्याबद्दल त्याने तिला अजून माफ केलेलं नव्हतं. आज मात्र समोर आयता वर्ग बसलेला. कधी नव्हे ते कोणीतरी ऐकून घेत होतं.

तो म्हणाला की टोपण राहू द्या, नळी स्वतःच सांगते. तळ्यावर नळी वर काढली की तिच्या वरच्या टोकाला थोडी जागा रिकामी राहते. आतला चिखल हिंदकळू नये म्हणून त्या जागेत तिथल्या तिथे स्पंज कोंबतात. खालच्या टोकाला स्पंज कधीच नसतो. असं म्हणत त्याने हाताशी आलेली पहिली नळी ओढली आणि तिचं लाल टोपण काढलं. आत फरशीसारखी कडक, करडी माती. स्पंजाचा पत्ता नाही.

“ही तोंडोतोंड भरलेली दिसते,” तो म्हणाला. “अशीही येते कधीकधी.”

“मग दुसऱ्या बाजूला काय असतं?” चष्मीने विचारलं. तिला खरं तर काहीच ऐकायचं नव्हतं, फक्त बाहेरच्या उन्हात उशिरा जायचं होतं.

पेंग्विनने निळं टोपण काढलं. आत हिरवा स्पंज घट्ट बसलेला होता. त्याने तो बोटाने किंचित सारला, तर मागून शाईसारखा काळा, पातळ चिखल हलला.

वर्गातल्या कुणाला काही कळलं नाही. बाई म्हणाल्या, वा, छान माहिती. जिराफने टाळ्यासुद्धा वाजवल्या. भिंगरीला मात्र पेंग्विनचा हात टोपणावर थिजलेला दिसला आणि आईची मान कॉलरपासून वर लाल होत गेलेली दिसली.

“चला, पुढच्या खोलीत,” आई म्हणाली. घरी टीव्ही बंद करताना तिचा आवाज असाच असायचा.

ती नळी कुणाची, हे कंपनीत सगळ्यांना पाठ होतं. ती प्राध्यापिकाबाईंची. एका मोठ्या तळ्याचा अभ्यास त्यांनी कितीतरी वर्षं चालवला होता. कंपनीने कापून पाठवलेल्या चकत्या तपासून त्यांनी निष्कर्ष काढला होता की हे तळं अलीकडेच पार आटून गेलं होतं. कारण सोपं, वरचा थर कडक आणि वाळलेला. हाच निष्कर्ष त्या सरकारी समितीपुढे मांडणार होत्या आणि तीच समिती कंपनीला पुढचं काम द्यायचं की नाही, हेही ठरवणार होती. आता नळीच उलटी म्हटल्यावर तळंही उलटं झालं. आटलं होतं ते कधीच्या काळी, आणि त्यानंतर आजतागायत काठोकाठ भरलेलं.

दुपारी वर्ग बसने परत गेला. भिंगरी आईबाबांबरोबर घरी जायचं म्हणून मागे थांबली आणि तिने कचेरीच्या काचेपलीकडचा तमाशा सगळा पाहिला. ऐकूही आला बराचसा, कारण आईला आवाज खाली घेण्याची शुद्ध राहिली नव्हती. चकत्या तुम्ही कापल्यात, तुमच्या हाताला कळलं कसं नाही. वडिलांच्या वेळचे म्हणून आजवर सांभाळून घेतलं, त्याचे हे पांग फेडलेत. उद्यापासून येऊ नका. पेंग्विनने पुटपुटत काहीतरी कबूल केलं, पण पुढे बोलू लागला तर तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पलीकडच्या टेबलाशी बाबा खाली मान घालून पावत्या चाळत होते, आणि एकच पावती त्यांनी पुनःपुन्हा उलटली.

पेंग्विन बाहेर आला. त्याने जाकीट काढून खुंटीला अडकवलं. जाकिटाविना तो इतका किरकोळ दिसला की भिंगरीला क्षणभर वाटलं, हा दुसराच कोणी आहे.

“काका,” ती म्हणाली. हा शब्द त्याच्यासाठी तिने पहिल्यांदाच वापरला होता.

“प्रश्न विचारायला दुसरी जागा मिळाली नाही का गं तुला?”

“मी काही नळी फिरवली नाही.”

“नाही ना. तू फक्त काडी ओढलीस. जळतंय ते आमचं.”

भिंगरी ऐकून घेणाऱ्यातली राहिली नव्हती. ती म्हणाली की कापलं तर तुम्हीच, मग दोष दुसऱ्या कुणाचा. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती आईच लहान होऊन पुढ्यात उभी आहे.

“स्पंज दिसला नाही तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तेवढं माझं. ते मी तुझ्या आईसमोरही कबूल केलं,” तो म्हणाला. “पण टोपण मी लावलेलं नाही.”

मग एकेक शब्द मोजून टाकत त्याने सांगितलं. आजोबांच्या वेळी लाल म्हणजे खाली असायचं. लाल म्हणजे धोका, ही बाजू उघडू नका, असा त्यांचा सरळ हिशोब. आई खुर्चीत बसली आणि तिने पहिला हुकूम काढला तो टोपणं बदलण्याचा, कारण मोठ्या सरकारी संस्थेत लाल म्हणजे वर असतं. शीतघरातल्या झाडून सगळ्या नळ्यांची टोपणं एका दिवसात बदलली. पण काही नळ्या त्या दिवशी शीतघरात नव्हत्याच. क्ष-किरणांनी फोटो काढायला बाहेर गेल्या होत्या. त्या नंतर परत आल्या, जुन्या टोपणांसकट. आणि नव्या नियमाने फळीवर गेल्या.

“त्या परत कोणी घेतल्या?”

“ते घरी विचार,” पेंग्विन म्हणाला आणि पाठ फिरवून डुलत निघून गेला. नुसत्या सदऱ्यातही त्याची चाल तशीच होती. भिंगरीला हसू आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला चमच्यांचाच काय तो आवाज होता. एरवी बाबा जेवताना एखादा जुनाट विनोद सांगायचे आणि आई न हसता मीठ पुढे सरकवायची. आज मीठ मागायलाही कुणी तयार नव्हतं. भिंगरीने दोन घास गिळले आणि सरळ विचारून टाकलं की फोटोसाठी गेलेल्या नळ्या परत आल्या तेव्हा त्या कोणी उतरवून घेतल्या.

बाबांचा चमचा ताटलीवर वाजला. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

मग बाबांनी सांगितलं. आधी भिंतीला, मग हळूहळू आईला. नळ्या त्यांनीच उतरवून घेतल्या होत्या आणि लाल टोपण बघून हाताच्या सवयीने फळीवर लावल्या होत्या. जुनी टोपणं आहेत हे डोक्यात आलं ते नंतर, तोवर चकत्या पाठवूनही झाल्या होत्या. आई तेव्हा खुर्चीत नवी होती. ही बाई बापाची कंपनी बुडवते कधी, याचीच सगळे वाट बघत होते. त्यात हिचा पहिलाच हुकूम चुकला, असं बोंबलायचं कसं? सावकाश, कुणाला न कळता निस्तरू म्हणून त्यांनी मूग गिळले. आणि निस्तरायचं राहूनच गेलं.

“माझ्यासाठी गप्प बसलास म्हणे,” आई म्हणाली. तिचा आवाज आता काचेपलीकडे गेला नसता इतका खाली होता, आणि तो ऐकून भिंगरीच्या अंगावर काटा आला. “आज दुपारी मी त्या माणसाला हाकललं. तू दहा पावलांवर बसला होतास. तेव्हा कुणासाठी गप्प होतास?”

भिंगरीला वाटलं, झालं, आता आई फोन उचलणार आणि पेंग्विनला परत बोलावणार. आईने फोन उचलला नाही. तिने तोंड पुसलं, रुमालाची घडी केली आणि ती खुर्चीतली मॅडम झाली.

हे या टेबलाबाहेर जाणार नाही, असं तिने सांगितलं. प्राध्यापिकाबाई उद्या कचेरीत येतील. शीतघरातल्या माणसाच्या हातून चूक झाली, त्याला काढलं, नव्या चकत्या विनामोबदला देतो, असं त्यांना सांगायचं. एका कामगाराची चूक समिती पोटात घालते. पण प्रमुखाचा नियमच चुकला आणि प्रमुखाच्या नवऱ्याने तो लपवला, हे कळलं तर काम जाईल. आणि काम गेलं तर एकट्या पेंग्विनचं नाही, सगळ्यांचंच जाईल.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” भिंगरी म्हणाली.

“तुझी जीभ शाळेत चालव,” आई म्हणाली. “कंपनी चालवणं म्हणजे वादविवाद स्पर्धा नव्हे, की बोलून घेतलं, ढाल उचलली आणि घरी आलं. पाहुण्यांसमोर ज्या चिखलाला हसतेस ना, तोच चिखल तुला वाढवतोय. आणि एक सांग, तो प्रश्न तू का विचारलास? शंका होती म्हणून?”

भिंगरीने ताटातला घास नुसता चिवडला.

“मैत्रिणींना हसवायला. आईचा पचका करायला. तुझ्या त्या हशापायी त्या माणसाची नोकरी गेली. आता उगाच न्यायाधीश होऊ नकोस.”

हे मात्र वर्मी लागलं, कारण खोटं काहीच नव्हतं त्यात. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. जुनी भिंगरी असती तर ताट तसंच टाकून खोलीत पळाली असती, आणि आईनेही तेच गृहीत धरलं असावं, कारण ती पाण्याचा जग उचलून स्वतःच्या पेल्यात ओतू लागली होती. बाबा हळूच म्हणाले की जाऊ दे बाळा, मोठ्यांचं मोठ्यांना बघू दे. त्या ‘बाळा’ने उलटंच झालं. डोळे आपोआप कोरडे झाले. खुंटीवरचं ते काळं जाकीट तिला आठवलं, आणि त्यातून निघालेला किरकोळ माणूस, ज्याने स्वतःच्या वाटणीची चूक न विचारता कबूल केली होती. या टेबलावर तेवढंही कुणी केलं नव्हतं.

ती उठली. खुर्ची नीट आत सरकवली आणि तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभी राहिली, स्पर्धेत मंचावर राहायची तशी.

“उद्या मी शाळेत जाणार नाहीये,” तिने दोघांनाही सांगितलं. “प्राध्यापिकाबाई येतील तेव्हा मी शीतघराच्या दारात उभी असेन. टोपणांचं खरं काय ते तुम्ही दोघांनी सांगितलंत आणि काकांना परत बोलावलंत, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाहीतर आज विचारला तोच प्रश्न त्यांना विचारणार. आणि उद्या मला कुणीही डिवचलेलं नसेल.”