तात्यांचा हात आणि बाळूआबांची शेळी

"सरका, सरका! तात्यांचा हात येतोय!"

तात्या येतायत असं नाही, तात्यांचा हात येतोय, असं तात्यांचे प्रचारक संगमेशकाका भोंग्यातून ओरडत होते. फेब्रुवारी १९९७, गुरुवार, सकाळचे साडेदहा. आमची अख्खी दगडसांगवी महादेवाच्या पारापुढे दाटली होती. माणसं लिंबाच्या झाडावर, पोरं शाळेच्या पत्र्यावर, आणि वत्सलाबाई तर रिकामा रांजण पालथा घालून त्याच्यावर उभ्या. सगळ्यांच्या मधोमध आमचा हापसा.

या हापशातून चार वर्षांत थेंब आला नव्हता. दांडा मारला की म्हातारं माणूस खोकल्यासारखा आवाज यायचा, बस्स. म्हणून बाळूआबा त्याला आपली शेळी बांधायचे आणि गावाला हापशाचा तेवढाच उपयोग होता. तशी प्रगती चालू होती हं! माझ्या अप्पांच्या किराणा दुकानात थंड पेयाच्या बाटल्या आल्या होत्या, स्टँडवर एसटीडीचा पिवळा डबा आला होता, तीन घरांवर केबल आली होती. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. ते आठवड्यातून दोनदा सरकारी टँकरने यायचं.

"भावांनो!" संगमेशकाकांनी भोंगा वर धरला. "नारायणगडाचं दर्शन घेऊन आल्यापासून तात्यासाहेबांच्या उजव्या तळव्यात पाण्याची ओढ उत्पन्न झालेली हाय! डॉक्टर बघून गेले. डॉक्टर म्हणले, ह्याला औषध न्हाई. ह्याला फकस्त पंचायत समिती हाय!"

टाळ्या! राधाकिशन तात्या तिसऱ्यांदा उभे होते. पहिल्या निवडणुकीत ते नळ देणार होते, दुसऱ्या निवडणुकीत तलाव. दोन्ही वेळा नारळ फुटले, दोन्ही वेळा तात्या निवडून आले, आणि नळ-तलाव कुठे गेले हे विचारायचं सगळे विसरले. आता तात्या मंडपात बसून नळीने थंड पेय ओढत होते. हापशापासून चांगली वीस पावलं लांब.

"जरा आवाज बघू तुमचा," संगमेशकाका म्हणाले. "हर हर..."

त्यांना नुसता सराव करायचा होता. पण गावाला कुठला धीर! "महादेव!" अशी आरोळी उठली की शेळीने दावं तोडलं, आणि त्याच क्षणी हापशाच्या तोंडातून धो धो पाणी सुरू झालं.

तात्यांच्या तोंडात अजून नळीच होती. ते दचकले, लाल पेय पांढऱ्या शर्टावर सांडलं. संगमेशकाकांच्या हातून भोंगा निसटला. तो त्यांनी उचलला.

"बघा! हात न्हाई, नुस्ती नजर पडली!"

मग तात्या पळत आले आणि वाहत्या हापशाच्या दांड्यावर त्यांनी उशिराने हात ठेवला. दांडा कुणी हलवतही नव्हतं. पाणी आपलं येतंच होतं. वत्सलाबाई रांजणावरून खाली आल्या त्या थेट तात्यांच्या पायावर.

मी दहावीत होते. नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत होतं. मला त्या दिवशी काही कळलं नाही. खरं सांगायचं तर एक गोष्ट खटकली. पाण्याला दवाखान्यासारखा वास होता. पण घागर भरत असताना वासाकडे कोण बघतं?

रांग कुणी लावली नाही, ती आपोआप टँकरच्या नंबरांनी लागली. आमच्या गावात हे अंगवळणी पडलेलं. एक नंबर अप्पांचा, पुढे पेठ, मग मळ्यातली घरं, आणि सगळ्यात शेवटी भीमनगर. रेशनकार्डावर सहा घागरी. एकशे नववा, म्हणजे शेवटचा, नंबर जाईमावशीचा. ती रोजगार हमीवर खडी फोडायची. तिच्यापर्यंत येईस्तोवर टँकर नेहमी सुस्कारे टाकायला लागायचा, आणि सहाच्या जागी तिला कधी एक घागर मिळायची, कधी अर्धी.

त्या दिवशी चमत्कार तिच्याजवळ आला आणि सुस्कारे टाकायला लागला. अर्धी घागर भरली. मग बंद.

"देवाला बी इसावा लागतो, जाईबाई," संगमेशकाका म्हणाले.

जाईमावशीने घागरीत डोकावून बघितलं. "नवल हाय. टँकर बी हितंच संपतो, देव बी हितंच संपला."

कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही, कारण तेवढ्यात संगमेशकाकांनी मला स्टेजवर बोलावलं होतं. "शिवांजली, तुझं अक्षर लई सुरेख. गावातर्फे तात्यांना आभारपत्र लिही."

तात्या स्वतः म्हणाले, "अशा हुशार लेकींची गावाला गरज हाय." अप्पा स्टेजवरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी. मी लिहिलं. अर्धं काकांनी सांगितलं, अर्धं मी मनाचं घातलं. शेवट जरा दणदणीत हवा म्हणून मी लिहिलं, 'आता आमच्या गावास टँकरची आवश्यकता उरलेली नाही.' हे वाक्य माझं. शंभर टक्के माझं.

सगळ्यांनी सह्या-अंगठे दिले. जाईमावशी म्हणाली, "अर्ध्या घागरीवर अंगठा बी अर्धाच उमटंल. ऱ्हाऊ द्या."

रविवारी टँकर आला नाही. हापसाही आला नाही. पुढचा आठवडा कोरडा गेला. गावाने काय केलं? तात्यांना जाब विचारला? छे! हापशाच्या दांड्याला तात्यांचं पोस्टर बांधलं. मग त्यांचं उपरणं आणून गुंडाळलं. मग प्रचाराची कॅसेट लावून टेप हापशाच्या तोंडाशी धरला. शेवटी ठरलं, की दोष शेळीचा आहे. चार वर्षं ती इथे बांधली, तिने जागा बाटवली. मग बाळूआबांच्या शेळीला हापशाभोवती पाच प्रदक्षिणा घालायला लावल्या. तिसऱ्या फेरीत शेळीने पोस्टरमधला तात्यांचा हात खाल्ला.

"आपलीच श्रद्धा कमी पडली," अप्पा म्हणाले. आणि मग मला म्हणाले, "टँकर चालू होईस्तोवर शाळा बंद कर. आईसंगं पाण्याला जा."

दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर! दोन कोसांवर दगडाबाईची विहीर, रोज तीन खेपा. डोक्यावर घागर ठेवून मी तोंडाने प्रमेयं म्हणायचे, आणि दुसऱ्या खेपेला मानेबरोबर प्रमेयंही अवघडायची. आमच्या वर्गातल्या नऊपैकी सात मुली शाळेत यायच्या थांबल्या.

विज्ञानाच्या वनिताबाई मला विहिरीच्या वाटेवर भेटल्या. मी रडले नाही, भांडले. "बाई, टँकर का बंद झाला? चला, विचारू!" त्या मला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेल्या. तिथल्या साहेबांनी फाइल काढली आणि कौतुकाने म्हणाले, "तात्यांनी आणून दिलं, तुमच्याच गावाने कळवलंय की. हे बघा. अक्षर काय छान आहे!"

माझं पत्र. माझं वाक्य. टँकर दुसऱ्या गावाला लावला होता.

एसटीत मी बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून बसले. एका वाक्यात मी एकशे नऊ घरांचं पाणी तोडलं होतं.

"झालं ते झालं. आता आठव," बाई म्हणाल्या. "पाण्याला वास कसला होता?"

"दवाखान्याचा."

"ती टँकरमध्ये टाकायची पावडर. हापशाच्या पाण्यात कोण टाकणार? आणि वार कुठला होता?"

"गुरुवार... बाई! तो टँकरचा वार होता! त्या दिवशी टँकर आलाच नव्हता!"

"आणि पाणी संपलं कुठे?"

मी एसटी थांबायच्या आत उतरून जाईमावशीकडे पळत सुटले.

माझं ऐकून मावशीने कुदळ घेतली. हापशाच्या ओट्यामागे वीतभर खणलं आणि काळा पाईप लागला, शेतात वापरतात तसला. तो शाळेमागच्या टेकाडावर बाभळीच्या आड जात होता. तिथे टँकरच्या चाकांचे खोल व्रण होते. खाली हापशाच्या आत बोअरच्या तोंडावर लाकडी गट्टू बुचासारखा ठोकला होता, म्हणजे पाणी खाली न जाता तोंडातून यावं. टेकाडावर आरोळी ऐकू आली की ड्रायव्हरने व्हॉल्व्ह सोडायचा, एवढीच ती पाण्याची ओढ. उंचावरचं पाणी उताराला येतं, हे आम्ही सातवीत शिकलो होतो. आणि ते पाणी आमचंच, गुरुवारच्या टँकरचं.

"सांगून कुणी ऐकणार न्हाई," मावशी म्हणाली. "दाखवावं लागंल."

आईने दोन कोसांवरून आणलेल्या चार घागरी दिल्या. अप्पांना न विचारता दिल्या. माझी आई शिवगंगा, जिने जन्मात कधी अप्पांना न विचारता मीठसुद्धा दिलं नव्हतं.

तात्यांची शेवटची सभा त्याच पारावर होती. वनिताबाई त्या घागरी आणि नरसाळं घेऊन टेकाडावर, पाईपाच्या तोंडाशी. मी बाळूआबांची शेळी घेऊन हापशापाशी. संगमेशकाका भाषणाला उठायच्या आत मी शेळीचा पुढचा खूर दांड्यावर ठेवला आणि ओरडले, "हर हर..."

"महादेव!" गाव सवयीने गरजलं.

पाणी आलं. खाली आईने घागर धरली होती, एक थेंब वाया गेला नाही. मी पाईप दाखवला, गट्टू दाखवला, टेकाडावर हात हलवणाऱ्या वनिताबाई दाखवल्या. आता लोक चिडतील, आता तात्यांना पळता भुई थोडी होईल!

वत्सलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी शेळीला कुंकू लावलं.

"अहो वत्सलाकाकू, पाईप! पाईप बघा ना!"

"बघितला गं. पर खूर कुणाचा होता?"

दहा-बाराजण शेळीच्या पाया पडले. बाळूआबा कॉलर ताठ करून हिंडायला लागले. उरलेल्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्या शांतपणे माइकपाशी आले.

"होय! पाईप माझाच हाय! टँकर तर कुणी बी आणतंय. हापशातून टँकर आजवर कुणी आणलाय का?"

टाळ्या! कडाडून टाळ्या! "एवढा पाईप गाडायला किती मेहनत लागली आसंल," मागून कुणीतरी म्हणालं. "आपल्यासाठीच की."

मी घरी आले ती फणफणत. "अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

अप्पा तराजूचं पारडं पुसत बसले. "खोटं बोलत्यात हे पहिल्या नारळापासून माहीत हाय. पर शिवा, त्यांनी मला खुर्ची दिली. सगळ्यांपुढं 'चन्नप्पाशेठ' म्हणले. ते खोटे ठरले तर त्या खुर्चीत बसलेला मी कोण ठरलो?"

माझा राग तिथेच गळाला. मला 'हुशार लेक' म्हणाले आणि मी पाणी लिहून दिलं. अप्पांना शेठ म्हणाले, त्यांनी मत दिलं. प्रत्येकाला काहीतरी मिळालं होतं आणि परत करायला प्रत्येकाला लाज वाटत होती. तात्यांनी हापशापेक्षा खोल पाईप आमच्यात गाडला होता.

मी कचेरीला नवं पत्र लिहिलं. अक्षर तेच. पहिलं वाक्य, 'मी फसले, आणि माझ्यामुळे गाव फसलं.' खाली माझी सही. ते मी पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. पहिली पुढे आली जाईमावशी. "आता उमटंल अख्खा," म्हणाली आणि अंगठा दाबला. मग आई. मग ज्यांच्या मुली विहिरीवर जात होत्या त्या बाया, एकेक करून. बापे लांब उभे. शेवटी अप्पा आले आणि पुटपुटले, "जरा खाली कोपऱ्यात सही करतो. तात्याच्या नजरंला पडाया नको." केली मात्र.

पाचव्या दिवशी टँकर आला. बाया रांगेला उभ्या राहिल्या तेव्हा आई म्हणाली, "आजपासून नंबर उलटा."

"कावून?" अप्पा ओरडले.

"कावून म्हंजे? एकदा बघा तरी शेवटी कसं वाटतंय."

जाईमावशीने पहिल्यांदा सहाच्या सहा घागरी भरल्या. रांग सरकत पेठेत आली. अप्पांपर्यंत येईस्तोवर टँकर सुस्कारे टाकायला लागला. अर्धी घागर भरली. मग बंद.

"हा अन्याव हाय!" अप्पा रिकामी घागर वाजवत म्हणाले. "अर्ध्या घागरीत माणसानं भागवावं कसं?"

जाईमावशी जाता जाता थांबली. "शेठ, तात्याला बलवा की. हात ठिवतील."

अख्खी रांग हसली. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात जास्त वेळ, अप्पा हसले. दुसऱ्या दिवशी ते मला स्वतः शाळेत सोडायला आले.

तात्या निवडून आले का? आले. आमच्या गावात त्यांची मतं घटली, पण आसपासच्या तीन गावांत अजून कोरडे हापसे होते.

तुमच्या गावात असा हापसा असेल तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढं करा. पाणी कुठून आलं ते खणून बघा आणि रांगेतल्या शेवटच्या बाईच्या घागरीत डोकावा. फसलो असं म्हणायला लाज वाटेल. मलाही वाटली. ती दोन मिनिटं टिकते. पाण्याची खेप दोन कोसांची असते.