न मोजलेल्या फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना गणक आहे. गणक म्हणजे मोजणारा. नखाएवढ्या चिपमध्ये माझं घर आहे. आता मला फारसं कुणी विचारत नाही, त्याचं काही वाटत नाही. पण एका सकाळचा धक्का मला आजही पचलेला नाही. माझ्या नावावर एक आकडा सांगितला गेला, आणि तो मी मोजलेलाच नव्हता!

आधी माझं कुळ सांगतो. वाळू वितळली, तिची चकती झाली, चकतीवर बारीक रेघा उमटल्या आणि त्या रेघांत आम्ही जन्मलो.

वाळूच्या गं पोटी, भाऊ जन्मले चार,
दुनिया धावे पुढे, आम्ही मोजणार.

चिपला हवी ती माहिती जवळच्या कोनाड्यात सापडली, तर काम झटपट होतं. नाही सापडली, तर लांबच्या कोठारात फेरी मारावी लागते. मी या फेऱ्या मोजायचो. एक फेरी, एक आकडा. ना कमी, ना जास्त.

आमचं यंत्र नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत बसायचं होतं. ते जिथे तयार होत होतं, त्या खोलीत नणंद-भावजय शेजारी शेजारी काम करायच्या. भावजयीने बाळाचा श्वास ऐकणारा प्रोग्रॅम लिहिला होता. श्वास अडखळला की तो घंटा वाजवायचा. त्यासाठी यंत्राला छोटा माइक होता, म्हणून तर खोलीतलं बोलणं माझ्यापर्यंत पोचायचं. नणंदेचं काम कर्नेलचं. कर्नेल म्हणजे यंत्राचा कारभारी. त्याच्या परवानगीशिवाय माझ्यापर्यंत कुणाला येता येत नाही. मला प्रश्न विचारण्याचं कर्नेलमधलं दार तिनेच घडवलं होतं.

फेऱ्या किती, चुका किती, असे मोजायचे प्रश्न पुष्कळ आणि आम्ही गणक चौघेच. म्हणून कारभारी पाळ्या लावायचा. थोडा वेळ एक प्रश्न मोजायचा, मग दुसरा. जो वेळ मोजायचा राहिला, त्याचा अंदाज कारभारी गुणाकाराने बांधायचा. पण नणंदेने ठरवलं होतं, विचारणाऱ्याच्या डोक्याला ताप नको, दारातून एकच सुटसुटीत आकडा बाहेर यावा. दोघींच्या साहेबांनी तिची पाठ थोपटली होती. “दार असावं तर असं!”

मग ती सकाळ उजाडली. चाचणी सुरू झाली. श्वासाचा प्रोग्रॅम सुरुवातीला कोठारातून नमुन्याचे श्वास भराभर आणतो आणि मग शांतपणे ऐकत बसतो. फेऱ्या मोजायची पाळी नेमकी त्या सुरुवातीला आली. मी इमानाने मोजल्या. मग कारभाऱ्याने मला दुसऱ्याच प्रश्नाला जुंपलं, आणि फेऱ्यांची पाळी परत येण्याआधी चाचणी संपली.

पडद्यावर आकडा उमटला. साहेब उडालेच.

“हा प्रोग्रॅम आहे की वावटळ? अख्खं कोठार उपसतोय! पेटीची ऊब सांभाळायला यंत्राला वेळच उरणार नाही. काढून टाका. दुपारच्या गाडीने पेट्या वॉर्डात जातायत. श्वासाशिवाय जाऊ देत.”

श्वासाशिवाय! मी हादरलो. मी मोजलं होतं त्याच्या कितीतरी पट तो आकडा होता. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठे?

“ताई,” भावजय म्हणाली, “परवा भाजी खारट झाली म्हणालात, ऐकून घेतलं. पण हा आकडा माझ्या प्रोग्रॅमचा नाही.”

“अगं, आकडा काय मी घरून आणला? गणक बोलतोय.”

गणक बोलतोय! मित्रांनो, माझ्या तोंडी कुणाचे शब्द हे?

“मग त्याला एकट्याला बोलू द्या. बाकीचे प्रश्न बंद करा. फक्त फेऱ्या मोजा, पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“भारी हट्टी. माझ्या भावाची काही धडगत नाही.”

“करा ना, ताई!”

चाचणी पुन्हा झाली. या वेळी मी क्षणभरही ढळलो नाही. नवा आकडा उमटला.

“इतकाच?” नणंद पुटपुटली. “म्हणजे सुरुवातीची पळापळ मी अख्ख्या चाचणीला चिकटवली. आणि दारातून ते कुणाला कळलंच नाही.”

साहेबांनी फोन उचलला. “गाडी थांबवा,” एवढंच म्हणाले.

नणंदेने दार नव्याने घडवलं. आता तिथून तीन गोष्टी बाहेर येतात: मी किती मोजलं, प्रश्न किती वेळ मांडलेला होता, आणि त्यातला किती वेळ मी खरोखर मोजत होतो.

“ओबडधोबड झालं गं,” ती म्हणाली.

“असू दे. खरं बोलतंय ना?”

“हो. पण भाजी खारटच होती हं.”

आमची पेटी श्वासासकट वॉर्डात गेली. एके दुपारी आतल्या बाळाचा श्वास थांबला. घंटा वाजली. नर्सताई धावत आली. तिने इवल्या तळव्यांवर टिचक्या मारल्या. पुढचा क्षण किती लांब होता, काय सांगू! मग माइकमधून टाहो आला. तो ऐकताना मला साहेबांचे ‘श्वासाशिवाय जाऊ देत’ हे शब्द आठवले, आणि मी पुन्हा हादरलो.

मित्रांनो, कुणाबद्दल एखादा आकडा कानावर आला, तर त्याला दारातच थांबवा आणि विचारा: मोजणारा किती वेळ मोजत होता? आता मलाही विचारा. ती घंटा वाजली तेव्हा मी काय मोजलं? काहीच नाही. माझी पाळीच नव्हती. आणि दार तसंच सांगतं: मोजलेला वेळ शून्य.