तुर्क म्हणायचं नाही

"पूस ते," मिहरान खालून म्हणाला. "रंग ओला आहे तोवर पूस."

शिडीवर काळ्या इबार्रा होता. एक ब्रश हातात, एक दातात. भिंतीवर निळ्या अक्षरांत 'तुर्क' एवढे लिहून झाले होते आणि आडनावाला जागा पुरेल का, याचा तो अंदाज घेत होता.

"का रे तुर्का? वाकडं आलंय?"

"सरळच आहे. पण पूस."

आमच्या क्लबचे कँटीन माझ्याकडे आहे. खिडकीतून गोळे फेकायची खेळाची पट्टी दिसते आणि खेळापेक्षा माणसे जास्त दिसतात. जिंकल्यावर सगळ्यांना पाजणारा कोण, जिंकल्यावर आधी घड्याळ बघणारा कोण, हे सगळे माझ्याकडे आपोआप जमा होते. मिहरान बोयाजियान माझ्या हिशेबात बिनघोर माणूस. आठवडाभर चपला-बूट दुरुस्त करायचा, रविवारी लाकडी गोळे खेळायला यायचा, सोडा घातलेला वर्मुथ घ्यायचा आणि हरला तरी रिकामा ग्लास स्वतः आणून द्यायचा. पावसात खेळ बुडतो म्हणून पट्टीवर छप्पर हवे, हे त्याच्याच डोक्यातून निघाले. त्यासाठी तो दारोदार फिरला, कुठून पत्रे आणले, कुठून खांब. छप्पर उभे राहिले तेव्हा कमिटीने ठरवले, पट्टीला त्याचेच नाव द्यायचे. आणि त्याचे नाव म्हणजे तुर्क. दुसऱ्या नावाने त्याला हाक कोण मारत होते?

आमच्या सान लिबोरियो गावात बाप्तिस्म्याच्या नावाने जगणारे फारसे कोणी नाही. आजोबा ज्या बाजूने बोटीत बसले ते नाव, नाहीतर तोंडाच्या रंगावरून जे सुचेल ते. माझे आजोबा इटलीहून येऊन शेतीला लागले, केस भुरे, म्हणून मी ग्रिंगा, म्हणजे परकी गोरी. क्लबचे अध्यक्ष श्योनफेल्ड हे रशियन. टोपणनाव पडले की माणूस गावचा झाला. ज्याला ते नाही, तो करवसुलीवाला असणार असे समजून आम्ही सावध बोलतो.

रशियन तेवढ्यात आलाच. शिडी, भिंत आणि मिहरानचे तोंड त्याने एकदम पाहिले.

"काय झालं?"

"आई येणारे उद्घाटनाला," मिहरान म्हणाला.

"येऊ दे की! पहिल्या रांगेत खुर्ची देतो."

"मग नाव काढा. नाहीतर मला काढा. दुसऱ्या कोणाचं तरी द्या."

"चाळीस वर्षं ओ देतोयस आणि आता लाज वाटायला लागली?" रशियन चिडला. तो चिडला की मान आधी लाल होते. "आम्ही काय शिवी देतो काय तुला?"

मिहरान वळला. टोपी घातली आणि गेला. इबार्राने शिडीवरून विचारले, "पुसू का ठेवू?" मग निकाल लागेपर्यंत तो तिथेच बसून सिगारेट ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी मी टाच निघालेला बूट घेऊन मिहरानच्या दुकानात गेले. खरे सांगायचे तर टाच घट्ट होती, मीच ती सुरीने उचकटली होती. त्याने बूट हातात घेतला, टाचेकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ग्रिंगा, कँटीनची सुरी बोथट झालीये तुझी."

"म्हणून तर आले. बोल आता."

तो खिळे तोंडात धरून बोलतो, त्यामुळे त्याचे सगळे बोलणे एकाच सुरात येते. आई, म्हणजे आराक्सीबाई, हाजिन गावची. तुर्कांचे सैनिक आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. घरातून निघाले तेव्हा सारे घर निघाले. चालत चालत हालेप शहराला पोचली ती एकटीच. पुढे लग्न झाले, बोट मिळाली. इथे बंदरावरच्या कारकुनाने विचारले, कुठून आलात? हालेपहून, म्हटल्यावर त्याने लिहिले, तुर्क. त्याच्या दृष्टीने त्या बाजूने येणारे सगळे तुर्कच. काय लिहिले ते कोणीतरी वाचून दाखवले, तशी ही बाई ट्रंकेवर बसली आणि उठेना. मागची रांग ओरडायला लागली तरी उठेना.

"मग?"

"मग काय. बाबांनी उचलून नेली. शब्द तसाच राहिला."

आता मला कळले, की त्याच्या घराच्या दारात उभे राहून हाक मारताना 'मिहरान' म्हणायची सक्ती का होती. आम्ही त्याला आईचा लाडोबा म्हणून चिडवायचो आणि तो हसायचा.

"तुला राग नाही येत?" मी विचारले.

"शाळेत यायचा. पण राग धरला असता तर एकट्यानं खेळावं लागलं असतं." त्याने तोंडातला एक खिळा काढून ठोकला. "पुढे पुढे तुमच्या तोंडून तो शब्द आला की मला तुर्क दिसेनासाच झाला. तुम्हीच दिसायला लागलात. उद्या तू मला सेन्योर बोयाजियान म्हणालीस तर मला वाटेल, माझ्या हातून काहीतरी मोठं चुकलंय."

"मग आईला सांग की असं."

"काय सांगू? की तिच्या घरच्यांना मारलं त्यांच्या नावानं मला हाक मारतात, आणि मला ते आवडतं?"

त्याने बूट परत दिला. टाच आता माझ्या आधी मरणार नव्हती.

संध्याकाळी मी कँटीनमध्ये हे सगळे सांगितले. असल्या गोष्टी मी सहसा माझ्यापाशीच ठेवते, पण ही ठेवून चालणार नव्हती. रशियनने ऐकून घेतले आणि तरी म्हणाला, "वाईट झालं बाई, फार वाईट. पण त्यात आपला काय दोष? आपण प्रेमानं म्हणतो. मला रशियन म्हणता, मी आहे का रशियन? आमचं सगळं खानदान जर्मन. मी रडतो का?"

"प्रेमानं म्हणतो, हे म्हणणाऱ्याला माहीत असतं," काळ्या इबार्रा म्हणाला. एरवी तो वादात पडत नाही. पडला की ग्लास बाजूला ठेवून पडतो. "तुम्ही मला काळ्या म्हणता, मी वळून बघतो. चौकीतला हवालदार म्हणतो काळ्या, तेव्हाही मी वळून बघतो. अक्षरं तीच. पण एकदा मान दुखते, एकदा नाही."

"बघ, आमच्या वेळी नाही दुखत!"

"नाही दुखत. पण तुम्ही मला कधी विचारलं नव्हतं, रशियन. मी आपला सांगतोय."

मग इबार्रा उठला आणि रंगाचा डबा शोधू लागला.

उद्घाटनाच्या रविवारी भिंतीवर 'मिहरान बोयाजियान' असे लिहिलेले होते आणि त्याखाली जुन्या निळ्याची सावली, जवळून पाहिले तरच दिसेल अशी. सगळ्यांना ताकीद दिलेली होती, आज तुर्क म्हणायचं नाही. रशियनने तर प्रत्येकाला दारातच पकडून बजावले.

आराक्सीबाई काळ्या झग्यात आल्या, मिहरानच्या हाताला धरून. सोबत द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचे पातेले. ते त्यांनी माझ्या हातात दिले आणि झाकण उघडून दाखवले, आत किती गुंडाळ्या आहेत ते मी मोजून घ्यावे अशा बेताने. मला बाई तिथल्या तिथे आवडल्या.

खेळ सुरू झाला. पण असला मुका खेळ मी कधी पाहिला नव्हता. चांगला गोळा पडला की तोंडे उघडायची आणि मिटायची. "छान... मिहरान," असे कोणीतरी म्हणायचे, पाहुण्याला मीठ हवे का विचारावे तसे. मिहरानचा हातही बिघडला. ओरड नसेल तर आमच्या लोकांचा गोळा सरळ जात नाही.

शेवटच्या फेरीत समोरच्यांचा गोळा लक्ष्याच्या छोट्या गोळीला अगदी चिकटून बसला होता. मिहरानने दोन पावले घेतली, गोळा उंच फेकला, आणि तो नेमका त्याच्यावर जाऊन आदळला. ठोका भिंतीपर्यंत ऐकू गेला. आणि रशियन, सगळ्यांना बजावणारा रशियन, बाकावरून उडालाच.

"शाब्बास रे तुर्का!"

त्याची मान लाल होताना मी पाहिली. मिहरान पट्टीच्या मध्यावर तसाच उभा, हात अजून पुढे. चाळीस वर्षे या गावात राहून हा शब्द आराक्सीबाईंच्या कानावर कधीच गेला नसेल, यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पण मुलासमोर ऐकला नाही, तोवर तो त्यांनी हिशेबात धरला नसावा. आता धरावा लागला.

त्या उठल्या. मिहरान धावला, "आई, तसं नाही, ते—" त्यांनी त्याला हातानेच थांबवले आणि रशियनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो सहा फुटी, त्या त्याच्या बरगडीएवढ्या.

"नाव काय?" तोडक्यामोडक्या बोलीत त्यांनी विचारले.

"गोदोफ्रेदो श्योनफेल्ड, बाई. माफ करा, मी—"

"हे लोक काय म्हणतात?"

"रशियन."

"आहात?"

"नाही. जर्मन. रशियात, व्होल्गाच्या काठी होते आमचे लोक. तिथून आले, म्हणून."

"का आले?"

रशियन गोंधळला. असे त्याला कोणी विचारले नव्हते. "झारनं... दिलेला शब्द मोडला. पोरांना सैन्यात ओढायला लागले. आजी सांगायची."

"आजीला काय म्हणत गावात?"

"रशियनच. म्हणजे..." तो थांबला. टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे कोणी रस्त्यावरून तशी हाक मारली की ती खिडकी लावून घ्यायची. आम्ही हसायचो तिला."

आराक्सीबाईंनी मान हलवली, दुकानात बरोबर वजन मिळाल्यासारखी.

"माझा मुलगा आर्मेनियन," त्या म्हणाल्या. "म्हणा."

"आर्मेनियन."

"मोठ्यानं. आत्ता ओरडला तसं."

"आर्मेनियन!" रशियन ओरडला. पलीकडच्या झाडावरची कबुतरे उडाली. कोणीतरी फिसकन हसले, आणि आराक्सीबाईही हसल्या असाव्यात. दात नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही. मग त्या इबार्राकडे वळल्या.

"तुम्ही?"

"काळ्या."

"ते दिसतंय मला. नाव?"

"एलेउतेरियो."

आम्ही सगळेच त्याच्याकडे बघत राहिलो. तीस वर्षे हा माणूस आमच्याबरोबर खेळत होता, जेवत होता, आमच्या दुकानांची नावे रंगवत होता.

"एलेउतेरियो?" रशियन म्हणाला. "तू?"

"आईनं ठेवलं," इबार्रा म्हणाला आणि जमिनीकडे बघून लाजला.

आराक्सीबाई खुर्चीवर जाऊन बसल्या. "खेळा," म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या दर रविवारी येऊ लागल्या. त्या असेपर्यंत मिहरान मिहरान असायचा, इबार्रा एलेउतेरियो, आणि रशियन जर्मन. मीसुद्धा ग्रिंगाची नेलिदा झाले, आणि नवऱ्यानेही मला नेलिदा म्हटलेले मला फारसे आठवत नाही. त्या घरी गेल्या की पुन्हा सगळे जुने सुरू, "टाक रे तुर्का," "बस रे काळ्या." मिहरान दोन्ही नावांना ओ द्यायचा. मात्र एक फरक झाला. हाक मारण्याआधी प्रत्येक जण क्षणभर अडखळायचा. आणि नवा पोस्टमास्तर एकदा इबार्राला काळ्या म्हणाला, तेव्हा रशियनने त्याला खांद्यावर हात ठेवून बाजूला नेले. "थांब अजून," तो म्हणाला. "तसं म्हणायला तुला अजून वेळ आहे."

अशी चार वर्षे गेली. आराक्सीबाई हिवाळ्यात गेल्या, झोपेत. आमची पातेली एकमेकींकडे जात-येत असायची, तेव्हा माझे एक त्यांच्याकडे होते. मिहरानने ते घासून परत आणून दिले.

पुढच्या रविवारी तो येईल असे कोणाला वाटले नव्हते. तो आला, वर्मुथ घेतला, गोळा उचलला आणि पट्टीच्या टोकाला उभा राहिला. तो टाकेना.

"आता ती नाही," मागे न बघताच तो म्हणाला. "काय म्हणायचं ते म्हणा."

रशियनने माझ्याकडे पाहिले. मी इबार्राकडे. कबुतरे पत्र्यावर खडखड करीत होती.

"मिहरान," रशियन म्हणाला, "टाक गोळा. अंधार पडेल."

त्याने टाकला. हात नेहमीसारखा नव्हता. गोळा गोळीच्या बराच अलीकडे थांबला. एलेउतेरियो वाकून बसला, अंतर पाहिले, आणि हात वर करून म्हणाला, चालेल.