एकतीस जणांचा पुठ्ठा

अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे आमच्या जपानी कार्टून मालिकांतल्या, शाळेच्या गच्चीला कधी कुलूप नसतं. खऱ्या शाळांच्या गच्च्यांना असतं, आणि ते का असतं, तिथून पोरं उडी मारतात, हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. तरी दर हंगामात आम्ही गच्च्या काढतो. जाळीला टेकून डबा खाणारी पोरगी काढतो, वारा काढतो, तिचे उडणारे केस काढतो.

मी नऊ वर्षं काढतेय. मी हिदाका कानाए. नेरिमा भागात कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ आहे, दोन मजले, सत्तावीस टेबलं, खालून सतत साबणाचा वास. वर्गातलं खिडकीजवळचं शेवटचं बाक, जिथं प्रत्येक मालिकेचा नायक हनुवटी टेकून बसतो, ते मी तीनशे वेळा तरी काढलं असेल. मी स्वतः शाळेत शेवटची गेले तेव्हा तेरा वर्षांची होते.

फेब्रुवारीत आमचे दिग्दर्शक कुरोसे-सान माझ्या टेबलाशी आले आणि अकराव्या भागाची पटकथा ठेवून म्हणाले, "याचा स्टोरीबोर्ड तू कर."

नऊ वर्षं मी दुसऱ्यांनी ठरवलेल्या चौकटींत माणसं हलवली होती. आता चौकट मी ठरवणार होते. आणि बारापैकी अकरावा भाग, जिथं रडायचं असतं. तो जमला तर पुढे भाग मिळत राहणार. नाही जमला तर मरेपर्यंत पाय, केस, वारा.

पटकथा मी जिन्यातच उभी राहून वाचली. सुझुने नावाची मुलगी. वर्गातल्या काहींनी तिची चित्रांची वही पळवून नासली, बाकीच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तिनं शाळेत येणं सोडलं. नायक सगळ्या वर्गाकडून एका पुठ्ठ्यावर निरोप लिहून घेतो. पुठ्ठा वाचून सुझुने रडते, खिडकी उघडते, खाली अख्खा वर्ग उभा. दुसऱ्या दिवशी ती शाळेत, अंगावर साकुराच्या पाकळ्या. साकुरा म्हणजे चेरी, तिचा बहर एप्रिलातच संपतो, आणि इथं जून महिन्यात पाकळ्या. पण ते जाऊ दे.

तसला पुठ्ठा माझ्याकडे आहे.

कुणी शाळा बदलून गेलं, आजारी पडलं की वर्गानं चौकोनी पुठ्ठ्यावर गोलाकार निरोप लिहून द्यायचे, ही आमची रीत. माझा पुठ्ठा आठवड्याच्या अभ्यासाच्या कागदांबरोबर पिशवीत घालून वर्गप्रमुख पोरीनं दाराच्या कडीला अडकवला आणि घंटी वाजवून पळाली. मध्ये माझं नाव, भोवती एकतीस जण. त्यांतल्या अठरा जणांनी एकच वाक्य लिहिलं होतं. 'आम्ही सगळे तुझी वाट पाहतोय.' बाईंनी फळ्यावर नमुना लिहून दिला असणार. जिनं माझे बूट संडासात टाकले होते, तिनं वर सशाचं चित्रही काढलं होतं.

तीन आठवड्यांत मी सगळा भाग काढला, तेवढा प्रसंग सोडून. तोकुनागा-सान, तयार काम टेबलाटेबलावरून गोळा करत फिरणारी आमची बाई, रोज माझ्या डोक्यावर येऊन उभी राहायची.

"अगं हिदाका, तो पुठ्ठा कुठाय?"

"होतोय."

"होतोय म्हणे. माझं लग्नही होतंय होतंय म्हणतच मोडलं. सोमवारी हवाय."

सोमवारी दिला. माझी सुझुने पुठ्ठा हातात घेते आणि बोट ठेवत एकसारखी वाक्यं मोजते. मोजून झाल्यावर पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवते. खाली पोरं उभी. एक फोन बघतो, एकीला क्लास असतो. एकेक करून जातात. खिडकी उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरोसे-साननी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं. तोकुनागा-सान तिथंच चित्रांची पाकिटं लावत होती, ती उठली नाही.

"पोरगी शाळेत जात नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हिदाका, बाराव्या भागात ती शाळेच्या उत्सवात गाते."

"दुसऱ्या कुणाला गायला लावा."

तोकुनागा-सान खोकली. ते हसणं होतं.

"तीन दिवस देतो," कुरोसे-सान म्हणाले. "पटकथेत आहे तसं काढ. नाहीतर भाग मुराओकाकडे जाईल. तो सांगितलं ते काढतो आणि वेळेवर जेवायलाही जातो."

त्यांतला दीड दिवस मी टेबलाशी बसून नुसत्या पेन्सिली तासल्या. सुझुनेचं हसू काढलं, खोडलं. रडणं काढलं, फाडलं. मला भाग हवा होता. हवा नव्हता असं सांगितलं तर ते खोटं होईल. गुरुवारी सकाळी आईच्या घरी साइतामाला गेले, कपाटातून पुठ्ठा काढला आणि दुपारी तो बैठकीच्या खोलीत कुरोसे-सानपुढे टाकला; तोकुनागा-सान तिथं पाकिटं लावतच होती.

"मोजा," मी म्हटलं.

त्यांनी खरंच मोजलं. ओठ हलत होते. मग पुठ्ठ्याची कड अंगठ्यानं घासू लागले.

"मी लिहिलंय असं," ते म्हणाले. "आठवीत. सेगावा नावाचा मुलगा होता."

"काय लिहिलंत?"

"फळ्यावर होतं ते."

"आणि केलं काय होतंत?"

त्यांनी चहाची बाटली उचलली. ती रिकामी होती, तरी झाकण फिरवत राहिले. "त्याची वही. कालव्यात टाकली. तो चित्रं काढायचा. माझ्यापेक्षा चांगली."

"परत आला?"

"नाही."

मी यांच्या पाच मालिकांत काम केलंय. चारांमध्ये कुणी ना कुणी शाळेत परत येतं, आणि सगळे रडतात. मला दया यायला हवी होती. मला संताप आला. हा माणूस वीस वर्षं स्वतःला माफ करून घेत होता, आणि माफ करणारा चेहरा काढायला माझा हात वापरत होता. ते मी तोंडावर सांगितलं. तोकुनागा-सान पाकिटं तशीच टाकून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

"मग मी काय लिहायला हवं होतं?" कुरोसे-साननी विचारलं.

"काय केलंत ते."

"त्यानं तो परत आला असता?"

"नसता."

"मग उपयोग काय?"

"उपयोग तुम्हाला हवाय. त्याला वही हवी होती."

खालच्या दुकानातलं यंत्र थरथरून थांबलं. मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या चौकटी पाडल्या. पुठ्ठा. सारखी वाक्यं. कोपऱ्यात बारीक अक्षरात एक वेगळं: 'तुझी वही मी कालव्यात टाकली.' सुझुने तेवढंच वाचते. जिना उतरते, दार उघडते आणि त्या एका पोराला विचारते, का.

"तो काय म्हणतो?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. ती चौकटही मी काढली. तोंड उघडलेला पोरगा. पुढे संवाद नाही.

"निर्मात्यांशी बोलतो," ते म्हणाले. "नाही म्हणाले तर भाग जाईल. मी तुला धरून ठेवू शकणार नाही."

"ठाऊक आहे."

चाळीस मिनिटं ते जिन्यात फोनवर होते. मी टेबलाशी बसले, उठले, पाणी प्याले, पुन्हा उठले. तोकुनागा-साननं माझ्यापुढे ओनिगिरी, भाताचा मुटका, ठेवली. "खा. नोकरी गेली तर रिकाम्या पोटी जायला नको."

ते परत आले. "अकरावा तुझा. बाराव्यात ती गाणार नाही. पण उत्सवात एकदा दिसली पाहिजे म्हणतात."

"नाही दिसणार."

"मी हो म्हणून आलोय, हिदाका."

"फाटकाबाहेर. पाठमोरी."

"फाटकाबाहेर. पण चेहरा."

"अर्धा."

"अर्धा," ते म्हणाले.

एखाद्या चौकटीत वर्गाचं हस्ताक्षर लागलं तर आम्ही स्टुडिओतल्या माणसांकडूनच लिहून घेतो, म्हणजे अक्षरं वेगवेगळी येतात. शुक्रवारी एक नवा पुठ्ठा टेबलाटेबलावरून फिरला. 'आम्ही सगळे तुझी वाट पाहतोय.' लोक हसत लिहीत होते. मुराओकानं विचारलं, "ससा काढू का?" त्याला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काढ."

कोपऱ्यातलं वाक्य कुरोसे-सान लिहिणार होते. पुठ्ठ्यावर चिकटवता येईल असा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झरझर लिहिलं, खाली सही म्हणून पटकथेतल्या पोराचं नाव घातलं आणि पेन्सिल खाली ठेवली. सुबक, सरळ अक्षर.

"चौदा वर्षांच्या घाबरलेल्या पोराचा हात असा चालत नाही," मी म्हटलं आणि कोरा कागद सरकवला. "पुन्हा."

त्यांनी लिहिलं. मी तो कागद बाजूला केला. तिसरा. चौथा. पाचव्याला त्यांनी वर न बघता विचारलं, "किती वेळा?"

मी पुढचा कागद सरकवला. सहाव्या कागदावर ओळ वाकडी गेली, 'कालव्यात'वर पेन्सिलीचं टोक मोडलं, आणि नाव मालिकेतल्या पोराचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. चौकटीत चालेल असा तोच एक कागद होता. तो मी उचलून पाकिटात घातला, नावावर पांढरी पट्टी लावायची खूण केली.

मग सातवा कोरा कागद काढला आणि "हा सेगावाला" म्हणून त्यांच्यापुढे ठेवला.